उंदरांच्या मेंदूतल्या पेशी वाचल्या, म्हणून आईला ब्राह्मी-अश्वगंधा द्यावी का?

मानसी_चि

नमस्कार मंडळी. इतके दिवस नुसती वाचायचे, लिहितेय पहिल्यांदाच. लांबलंय जरा, सांभाळून घ्या.

आई ७६ वर्षांची. चिपळूणजवळ गावी दादा-वहिनीकडे असते, मी पुण्यात. वर्षभरापासून विसरणं वाढलंय. आधी आम्ही वयच झालंय म्हणून सोडून दिलं, चहात चहापावडर टाकायची राहिली, गॅस चालू राहिला, असं कुणाचंही होतं. पण गेल्या गणपतीत आई नेहमीसारखी मोदकांना बसली, कळ्या अगदी तशाच एकसारख्या, बोटं जराही अडखळली नाहीत, आणि वहिनीने चाळण उचलली तर सात मोदक हाताला हलके लागले. उघडून बघितले तर आत सारणच नाही. सारणाचं पातेलं आईच्या मांडीशीच होतं. आई म्हणाली, भरलं की मी, तूच बघ. तेव्हा पोटात गोळा आला माझ्या.

मग डॉक्टरांकडे नेलं, एमआरआय झाला, अल्झायमरची सुरुवात वाटतेय म्हणाले आणि डोनेपेझिल ५ मिलिग्रॅम रात्री एक अशी गोळी दिली. आईला १२ वर्षं शुगर आहे, मेटफॉर्मिन चालू आहे, बीपीची एक गोळी आहे. आम्ही शाकाहारी.

आता खरा प्रश्न. दादाला व्हॉट्सॲपवर कुणीतरी एक लेख पाठवला, त्यात होतं की म्हाताऱ्या उंदरांना औषधी वनस्पतींचा अर्क दिला तर त्यांच्या मेंदूतल्या पेशी मरायच्या थांबल्या. खाली सूक्ष्मदर्शकातले फोटो पण होते, एकात पेशी काळपट आणि सुकलेल्या आणि दुसऱ्यात छान गोल टवटवीत. दादाने ते फोटो बघितले आणि त्याच दिवशी अश्वगंधा-ब्राह्मीच्या कॅप्सूल आणल्या. शिवाय घरामागे अळवाच्या शेजारी मोरीचं पाणी जातं तिथे ब्राह्मी वाढलीय, तिच्या पानांचा रस रोज सकाळी अर्धी वाटी देतोय. हे चालू होऊन तीन आठवडे झाले. त्यातले दोन आठवडे आईला जुलाब होतायत, दिवसातून चार-पाच वेळा, बाई अगदी गळून गेलीय. दादाचं म्हणणं हे डॉक्टरांच्या गोळीमुळे होतंय, तीच बंद करू, अर्क तर नैसर्गिक आहे.

दादाला मी दोष देत नाहीये, तो रात्री तीन-तीन वेळा उठतो आईसाठी. पण कुणाला यातलं कळत असेल तर सांगा, उंदरांवरचे हे प्रयोग खरे असतात का, आणि खरे असतील तर आईला उपयोग होईल का?

फार्मा_नगरकर

मानसीताई, जुलाबाचं आधी बोलू कारण ते तातडीचं आहे. ७६ व्या वर्षी दोन आठवडे जुलाब म्हणजे अंगातलं पाणी आणि क्षार दोन्ही जातायत, मेटफॉर्मिन चालू असताना हे अजिबात अंगावर काढू नका, आजच्या आज डॉक्टरांना फोन करा आणि रस-कॅप्सूल दोन्ही चालू आहेत हे त्यांना स्पष्ट सांगा. बहुतेक घरांत हे सांगायचंच राहून जातं.

आता उंदरांचं. मी एम.फार्म. फार्माकॉलॉजीला नेमकं हेच काम केलंय, त्यामुळे तुमच्या दादाने बघितलेले ते फोटो कसे तयार होतात ते मी हाताने केलेलं सांगू शकतो. प्रयोग खोटे नसतात. पण त्यात जे लिहिलेलं असतं आणि आपण वाचतो ते, यात फार अंतर असतं.

पहिली गोष्ट म्हणजे 'म्हातारे उंदीर' हे बऱ्याचदा म्हातारे नसतातच. रॅट, म्हणजे प्रयोगातला मोठा उंदीर, दोन-अडीच वर्षं जगतो, खरा म्हातारा रॅट हवा तर त्याला दोन वर्षं सांभाळायला लागतं, खाणं, भुसा, पिंजरे, माणूस, आणि एम.फार्म.चं प्रोजेक्ट असतं वर्षभराचं. मग करायचं काय, तर तीन-चार महिन्यांचे तरुण रॅट घ्यायचे आणि त्यांना सहा ते आठ आठवडे रोज डी-गॅलॅक्टोज नावाच्या साखरेचं इंजेक्शन कातडीखाली द्यायचं. त्याने शरीरात ऑक्सिडेशनचा मारा वाढतो, म्हातारपणात दिसतात तसे काही बदल दिसायला लागतात. याला म्हणतात एजिंग मॉडेल. मी लक्ष्मीपूजनाच्या दिवशी पण सकाळी सातला कॉलेजात होतो कारण एक डोस चुकला तर सगळा ग्रुप गेला. अर्क द्यायला एका हाताने मान-पाठीची कातडी धरून रॅट उभा पकडायचा, आणि टोकाला गोळी असलेली बोथट वाकडी सुई तोंडातून अन्ननलिकेत हळूच सोडायची, अर्क सरळ पोटात. दोन आठवड्यांनी रॅट हात ओळखायला लागतात, काही स्वतःहून मान वर करतात. हे लिहिताना अजून त्यांचे चेहरे आठवतात, म्हणून या कामाचा कुणी वाटेल तसा अर्थ काढला की मला त्रास होतो.

इथे नीट लक्ष द्या. अर्क आणि डी-गॅलॅक्टोज एकाच दिवशी सुरू होतात, किंवा अर्क आठवडाभर आधीपासून. म्हणजे आम्ही एका हाताने विष देत होतो आणि दुसऱ्या हाताने त्यावरचं औषध, आणि औषध आधी पोचलेलं. त्यात पेशी वाचल्या तर सिद्ध काय झालं? त्या विषापासून त्या अर्काने काही प्रमाणात संरक्षण दिलं, एवढंच. तुमच्या आईंच्या मेंदूत डी-गॅलॅक्टोज नाहीये. तिथे जे चालू आहे ते बहुधा १५-२० वर्षांपूर्वी सुरू झालंय, अल्झायमरचा अमायलॉइड, म्हणजे मेंदूत साचणारं एक प्रथिन, लक्षणं दिसायच्या कितीतरी आधीपासून साचत असतो.

बरेच अभ्यास तर त्याहून सोपं मॉडेल वापरतात, स्कोपोलामाइन. हे औषध टोचलं की रॅट थोडा वेळ विसरतो, पाण्याच्या टाकीतला लपवलेला चौथरा त्याला सापडत नाही, आणि असर उतरला की परत नीट. यात एकही पेशी मरत नाही. पण लेखाचा मथळा येतो 'स्मृतिभ्रंशावर गुणकारी' आणि लोक समजतात पेशी वाचल्या.

आता ते फोटो. मेंदू काढायचा, मेणात बसवायचा, मायक्रोटोम नावाच्या कापयंत्रावर ५ मायक्रॉनचे काप घ्यायचे, क्रेसिल व्हायलेट नावाचा जांभळा रंग द्यायचा. जिवंत पेशी गोल, मोठी, मधे फिकट केंद्रक. मेलेली पेशी आकसलेली, गडद, त्रिकोणी. दिसतं तुम्ही म्हणालात तसंच. पण मेंदू काढताना तो अजून कच्चा असेल, म्हणजे फॉर्मॅलिनने आतून नीट पक्का झालेला नसेल, आणि कवटी फोडताना चिमट्याचा दाब पडला, तर चांगली पेशी पण तशीच आकसून गडद दिसते. पॅथॉलॉजीवाल्यांना हा घोळ पन्नासहून जास्त वर्षं माहीत आहे, डार्क न्यूरॉन म्हणतात त्याला. माझ्या पहिल्या बॅचमध्ये कंट्रोल ग्रुपमध्येच, ज्यांना काहीच दिलं नव्हतं त्यांच्यातच, गडद पेशी निघाल्या. माझ्या हाताने झालं होतं ते.

आणि मोजणी. स्लाइडच्या काचेवर पेन्सिलने ग्रुपचं नाव लिहिलेलं असायचं, मोजणारा मीच, अर्क काम करावा असं मनापासून वाटणारा पण मीच. एक पेशी धड आहे की आकसलेली, काठावरची असते, तिथे मन आपोआप झुकतं. गाईड सरांनी नावावर कागदी टेप लावून, स्लाइडचा क्रम बदलून परत मोजायला लावलं. फरक होता, पण पहिल्यापेक्षा बराच कमी. सहा-सहा रॅटचे ग्रुप, त्यात एखादा आजारी पडला तरी सरासरी हलते. छापलेल्या किती लेखांत ही टेप लावलेली असते ते तुम्हीच शोधून बघा, पद्धतीच्या भागात एक ओळ असते, नसते तेव्हा मी तो लेख बाजूला ठेवतो.

परसबाग_कुडाळ

मानसी, तुझ्या दादाला आधी विचार की मोरीवर वाढलीय ती ब्राह्मी नक्की कुठली. आपल्याकडे दोन वेगळ्या वनस्पतींना लोक ब्राह्मी म्हणतात आणि नर्सरीवाले पण दोन्ही त्याच नावाने विकतात.

एक म्हणजे मंडूकपर्णी, आपल्या कोकणात कारिवणा किंवा एकपानी. लांब देठावर एकेक पान, गोलसर, देठाकडे खाच, कडा बारीक कातरलेल्या. कोथिंबिरीच्या कुळातली आहे. दुसरी खरी नीरब्राह्मी, जलब्राह्मी. तिची पानं छोटी, जाडसर रसाळ, देठ जवळजवळ नाहीच, दोन-दोन समोरासमोर, आणि फूल पांढरट जांभळं. चव दोन्हींची कडू पण नीरब्राह्मी जीभ आकसेल इतकी कडू. संशोधनात बाकोसाइड नावाचं जे द्रव्य येतं ते फक्त या दुसरीत. म्हणजे दादाने वाचलेला लेख एका वनस्पतीचा आणि अर्ध्या वाटीत दुसरीच, असं सहज होऊ शकतं. शंखपुष्पीचं तर याहून वाईट, कुणी विष्णुक्रांत देतं, कुणी गोकर्ण, पुड्यावर नाव एकच.

आणि दोन्हीपैकी कुठलीही असली तरी मोरीच्या पाण्यावरची देऊ नका!! नीरब्राह्मी पाण्यातले जड धातू ओढून घेते, इतकी की घाण पाणी शुद्ध करायला ती वापरता येईल का यावर लोकांनी प्रयोग केलेत. साबण, भांड्यांचं पाणी, वरच्या घराच्या शौचालयाचा पाझर, काय काय येत असेल त्या मोरीत, आणि रस म्हणजे कच्चाच. माझ्या सासूबाई कारिवण्याची चटणी करायच्या पण विहिरीच्या काठावरची पानं, तीन पाण्यांनी धुऊन. मला तर जुलाबाचं कारण तिथेच दिसतंय.

मंदार_वैद्य

मी आयुर्वेदाचा वैद्य आहे, २२ वर्षं प्रॅक्टिस. वरचं दोघांचं म्हणणं मला पटतं, एका गोष्टीची भर घालतो कारण अशा चर्चेत शेवटी आयुर्वेद विरुद्ध विज्ञान असं होतं आणि रुग्ण मधे राहतो.

चरकसंहितेत चार मेध्य, म्हणजे बुद्धी-स्मृतीसाठीची, रसायनं सांगितलीत, मंडूकपर्णीचा स्वरस, यष्टिमधूचं चूर्ण दुधाबरोबर, गुळवेलीचा रस आणि शंखपुष्पीचा कल्क. म्हणजे कुठली वनस्पती, कुठल्या रूपात, कशाबरोबर हे सगळं ठरलेलं आहे. प्रयोगशाळेत बहुतेक वेळा अल्कोहोलमध्ये काढलेला अर्क असतो, त्यात उतरणारी द्रव्यं वेगळी, पाण्यातल्या रसात उतरणारी वेगळी. त्यामुळे 'उंदरांवर सिद्ध झालं म्हणून आपला रस बरोबर' हे म्हणणं आयुर्वेदाच्या बाजूने पण चुकीचं आहे.

दुसरं, वाग्भटाने रसायन कधी घ्यावं ते स्पष्ट सांगितलंय, वयाच्या पूर्वार्धात किंवा मध्यात, आणि आधी शरीराची शुद्धी करून. म्हणजे म्हातारपणी रोग झाल्यावर सुरू करण्यासाठी ते नाहीच मुळात. फार्मा_नगरकरांनी लिहिलं ना की रॅटला अर्क आधी दिलेला असतो, ते वाचून मी थांबलो जरा. आधी आणि नंतर हा फरक आमच्या ग्रंथांना पण मान्य आहे, आम्हीच तो विसरतो.

मानसीताई, आईंना अतिसार चालू आहे, अग्नी मंद आहे, अशा वेळी कुठलाही शहाणा वैद्य रसायन देणार नाही. रस आणि कॅप्सूल दोन्ही थांबवा. आणि डोनेपेझिल दादाने मनाने बंद करू नये, ते ज्यांनी दिलंय त्यांनीच ठरवावं. पुढे कधी आयुर्वेदाचं काही द्यावंसं वाटलं तर नाडी बघून देणाऱ्या माणसाकडे जा, कॅप्सूलच्या डबीकडे नाही.

सायली_डोंबिवली

मला एक विचारायचंय फार्मा_नगरकर. सगळं इतकं डळमळीत असेल तर मग प्राण्यांवरचे हे अभ्यास करायचेच कशाला? एवढे जीव जातात. आणि वनस्पतीतून मेंदूचं औषध कधी आलंच नाही का? माझ्या वडिलांना पण सुरुवात आहे म्हणून विचारतेय, वादासाठी नाही.

फार्मा_नगरकर

सायली, प्रश्न अगदी योग्य आहे, आणि आलंय ना, नक्की आलंय. गॅलँटामाइन. युरोपात बर्फ वितळताना उगवणारं स्नोड्रॉप नावाचं पांढरं फूल असतं, त्याच्या कुळातल्या झाडांच्या कंदांतून १९५० च्या दशकात सोव्हिएत आणि बल्गेरियन लोकांनी ते वेगळं काढलं, आधी पोलिओसारख्या स्नायूंच्या दुखण्यात वापरलं, आणि २००१ मध्ये अमेरिकेत अल्झायमरसाठी परवानगी मिळाली. आज काही जणांना डोनेपेझिलऐवजी तेही लिहून देतात. पण बघा त्यात काय काय झालं, झाडातून एक रेणू शुद्ध केला, किती मिलिग्रॅम ते ठरलं, हजारो माणसांवर तपासलं. आणि एवढं करून तेही पेशी मरायचं थांबवत नाही, उरलेल्या पेशींमधला अॅसिटिलकोलीन नावाचा निरोप्या जास्त वेळ टिकवतं, त्याने काही काळ थोडं बरं राहतं. आपल्या रानातली खाजकुहिली घ्या, तिच्या बियांत एल-डोपा असतो, पार्किन्सनच्या गोळीत असतो तोच.

अश्वगंधेवर पण आपल्याकडे चांगलं काम झालंय. मानेसरच्या नॅशनल ब्रेन रिसर्च सेंटरमध्ये विजयालक्ष्मी रवींद्रनाथ यांच्या गटाने २०१२ मध्ये छापलं होतं, माणसाचे अल्झायमरचे जीन घातलेल्या माईसना, म्हणजे छोट्या उंदरांना, ३० दिवस अश्वगंधेचा अर्क तोंडाने दिला, वागणूक सुधारली, अमायलॉइड कमी झाला. आणि गंमतीचा भाग असा की अर्काने काम केलं यकृतात, मेंदूत नाही. यकृतात एक प्रथिन वाढलं, ते रक्तातला अमायलॉइड ओढून घ्यायला लागलं, मग मेंदूतला रक्तात उतरायला लागला. हे कुणाच्या डोक्यात आलं नसतं. प्राण्यांवरचं काम यासाठी करायचं, कुठे बघायचं ते कळतं. पण ते माईस मुद्दाम घडवलेले, आणि माणसात तसंच होतं हे त्यातून निघत नाही.

आणि एक, ज्याने माझं सगळं बघणंच बदललं. म्हातारपणी मेंदूतल्या पेशी रोज हजारोंनी मरतात असं आपण शाळेपासून ऐकतो. १९९६ मध्ये रॅप आणि गॅलाघर यांनी खऱ्या म्हाताऱ्या रॅटच्या हिपोकॅम्पसमधल्या, म्हणजे मेंदूच्या आठवणीच्या भागातल्या, पेशी काटेकोर पद्धतीने मोजल्या, शिकण्यात मागे पडलेल्या म्हाताऱ्यांतही संख्या तरुणांइतकीच भरली. माणसांत मार्क वेस्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये दाखवलं की हिपोकॅम्पसच्या सीए-१ नावाच्या भागातल्या पेशी अल्झायमरमध्ये भरपूर कमी होतात पण नुसत्या म्हातारपणात तशा होत नाहीत. म्हणजे नुसतं वय आणि हा आजार या दोन वेगळ्या वाटा आहेत. वयाने पेशींमधले जोड ढिले पडतात, पेशी असते. मग 'म्हातारपणातला पेशींचा मृत्यू थांबवणारा अर्क' हा मथळा वाचला की माझा पहिला प्रश्न असतो, मरत होत्या का त्या मुळात, की तुम्ही मारल्यात?

अमेरिकेत नॅशनल इन्स्टिट्यूट ऑन एजिंगचा एक कार्यक्रम आहे, तीन वेगवेगळ्या शहरांत एकाच वेळी तोच पदार्थ माईसना देतात, आयुष्यभर, नर-माद्या दोन्ही. त्यात हळदीतलं कर्क्युमिन, ग्रीन टीचा अर्क, द्राक्षातलं रेझव्हेराट्रॉल सगळ्यांना संधी दिली, आयुष्य वाढलं नाही. रॅपामायसिन नावाच्या औषधाने वाढलं, २००९ मध्ये. तिथे जीव वाया गेले असं मला वाटत नाही, कारण उत्तर पक्कं मिळालं. सहा रॅट आणि उघड्या नावाच्या स्लाइडमध्ये जातात ते वाया जातात.

डोसचं राहिलं. रॅटला किलोला २०० मिलिग्रॅम दिलं असेल तर माणसासाठी साधारण ६.२ ने भागतात. मानसीताईंच्या आई ५० किलोच्या धरल्या तर रोज १६०० मिलिग्रॅम अर्क, २५० च्या कॅप्सूल सहाच्या वर. डबीवर लिहिलेल्या दोन कॅप्सूलने तो प्रयोग होतच नाही, आणि सहा द्यायच्या तर सुरक्षित आहेत का ते कुणी बघितलेलं नाही.

नितीन_एडिसन

न्यू जर्सीहून. इकडे सगळे आजी-आजोबा आठवणीसाठी गिंको, म्हणजे त्या नावाच्या झाडाच्या पानांचा अर्क, घेतात, बाबांनी पण पाच वर्षं घेतलं. मग कळलं की त्याची माणसांवर मोठी चाचणी झालीय, ३०६९ जण, सगळे ७५ च्या पुढचे, रोज दोनदा १२० मिलिग्रॅम, साधारण सहा वर्षं, २००८ मध्ये निकाल आला, डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश, होण्यात काही फरक नाही. फ्रान्समध्ये पण २८०० च्या वर लोकांवर केली, २०१२ चा निकाल, तेच. प्राण्यांमध्ये गिंकोचे निकाल सुंदर होते म्हणे. बाबा अॅस्पिरिनवर होते, गिंकोने रक्त पातळ होऊ शकतं म्हणून डॉक्टरांनीच बंद केलं.

निवृत्त_एमडी_सोलापूर

मानसी बेटा, मी ३४ वर्षं मेडिसिन केलं, आता घरीच असते. चार गोष्टी लिहिते, डॉक्टरांना भेटशील तेव्हा विचार.

तुझ्या पोस्टमध्ये एक वाक्य आहे जे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं आणि वर कुणी धरलं नाही. शाकाहारी, १२ वर्षं शुगर आणि मेटफॉर्मिन चालू. मेटफॉर्मिनने बी-१२ चं शोषण कमी होतं, आणि शाकाहारात ते मुळात दूध-दह्यातूनच येतं. सोबत पित्ताची गोळी वर्षानुवर्षं चालू असेल तर आणखी कमी. बी-१२ फार उतरलं की विसरणं, चिडचिड, चालताना तोल जाणं, पायाला मुंग्या, सगळं होतं आणि बघणाऱ्याला ते हुबेहूब डिमेन्शिया वाटतं. बी-१२ आणि टीएसएच, म्हणजे थायरॉइड, झालंय का बघ. झालं नसेल तर उद्या करून घे, पुण्या-मुंबईला यायची गरज नाही, तालुक्याच्या लॅबमध्ये पण होतं. ऐकू कमी येतं का तेही बघ, कान दुरुस्त केले की निम्मं विसरणं विसरणं नव्हतंच असं निघालेलं मी पाहिलंय.

जुलाबाबद्दल. डोनेपेझिलने सुरुवातीच्या आठवड्यांत मळमळ, जुलाब होतात हे खरं, दादा अगदीच चुकीचा नाही. पण ब्राह्मीच्या माणसांवरच्या चाचण्यांत पण हेच त्रास नोंदलेत, ऑस्ट्रेलियात ५५ च्या पुढच्या ९८ निरोगी लोकांना रोज ३०० मिलिग्रॅम १२ आठवडे दिलं होतं, आठवण थोडी सुधारली पण पोटाच्या तक्रारी वाढल्या. दोन्ही एकाच वेळी आणि वर मोरीची पानं, मग पोट कसं राहणार. आणि ते लोक निरोगी होते हे पण लक्षात घे, त्यातून डिमेन्शियावर इलाज निघत नाही.

अश्वगंधेचं वेगळं आहे. लोक टॉनिक समजून घेतात. शुगर खाली आणते, मेटफॉर्मिनवर असलेल्या बाईला त्यात जुलाब, जेवण कमी, शुगर एकदम उतरू शकते. थायरॉइडचे आकडे बदलते, म्हणजे तपासणी करायच्या आधी बंद केलेली बरी. आणि काही जणांना कावीळ झाल्याच्या नोंदी आहेत, २०२० मध्ये आइसलँड आणि अमेरिकेतले ५ रुग्ण एकत्र छापले होते, डेन्मार्कने तर २०२३ मध्ये बंदीच घातली. सगळ्यांना होतं असं नाही. पण लघवी गडद पिवळी, डोळे पिवळे, अंगाला खाज असं काही दिसलं तर लगेच यकृताच्या तपासण्या.

'नैसर्गिक' या शब्दावर शेवटचं. २००४ मध्ये बोस्टनच्या दुकानांतली ७० आयुर्वेदिक उत्पादनं तपासली, १४ मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक होतं. शिसं स्वतःच मेंदू बिघडवतं. आईला बरं करायला आणलेल्या डबीत ते असावं याचा मला फार राग येतो.

मानसी_चि

दहा दिवसांनी लिहितेय, गावी होते.

रस आणि कॅप्सूल त्याच दिवशी बंद केल्या. डॉक्टरांशी बोललो, त्यांनी ओआरएस सांगितलं, दोन दिवस मेटफॉर्मिन थांबवलं, डोनेपेझिल चालूच ठेवलं, आणि चौथ्या दिवशी जुलाब थांबले. दादाने पान तोडून मला फोटो पाठवला होता, तो परसबागताईंना दाखवायचाच राहिला, पण लांब देठ, गोल पान, कातरलेल्या कडा, म्हणजे कारिवणाच. आणि ती मोरी वरच्या दोन घरांची आहे.

बी-१२ झालंच नव्हतं. आलं १३८. थायरॉइड ठीक. डॉक्टर म्हणाले हे कमी आहेच पण एमआरआयमध्ये पण बदल आहेत, दोन्ही असू शकतं, इंजेक्शनं देऊ आणि तीन महिन्यांनी परत आठवणीची चाचणी करू. सगळं परत येईल असं समजू नका म्हणाले. तरी मला बरं वाटलं, काहीतरी हाताला लागलं.

दादाला फार्मा_नगरकरांचं उत्तर वाचून दाखवलं. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, ते फोटो बघून मला वाटलं होतं आईच्याच मेंदूचे आहेत. काय बोलणार यावर.

आता एक नवीन. आई रात्री दोन-अडीचला उठते, घाबरलेली, स्वप्नात भाऊ, म्हणजे आमचे वडील, आले होते म्हणते, ते जाऊन अकरा वर्षं झाली. दार उघडायला जाते. हे गोळी सुरू झाल्यापासूनच आहे असं वहिनी म्हणते. गोळी आम्ही रात्री जेवण झाल्यावर देतो. हे आजाराचं आहे की गोळीचं?

निवृत्त_एमडी_सोलापूर

गोळीचं असू शकतं. डोनेपेझिल रात्री घेतलं की फार ठळक, खरी वाटणारी स्वप्नं पडतात काही जणांना. डॉक्टरांना विचारून सकाळी नाश्त्यानंतर द्यायला लागा, बरेचदा आठ-दहा दिवसांत रात्र शांत होते. सकाळी दिल्यावर नाडी मोजून ठेवत जा, वहिनीला शिकव, मनगटावर तीन बोटं आणि घड्याळावर पूर्ण एक मिनिट. ५० च्या खाली गेली किंवा चक्कर आली तर फोन करायचा. तोपर्यंत दाराला वरच्या बाजूला कडी लावा, तिचा हात पोचणार नाही अशी, आणि न्हाणीकडे जायच्या वाटेवर छोटा दिवा चालू ठेवा.

इंजेक्शनं किती सांगितलीत, एक दिवसाआड की आठवड्याला? ते लिही, मी सांगते तपासणी परत कधी करायची ते.

मानसी_चि

पहिला आठवडा एक दिवसाआड, मग आठवड्याला एक, असं चार आठवडे. वहिनीने नाडी मोजायला घेतली आजपासून, सकाळी ६८ आली.